बागबाजारचा घाट आणि समुद्रतळाची धुराडी

गेल्या हिवाळ्यात बागबाजारच्या घाटावर आमचे मास्टरमोशाय मला म्हणाले, "दादा, समुद्र आंबट होत चाललाय म्हणतात, तो आपल्या धुरामुळे की तळाशी जे ज्वालामुखी आहेत त्यांच्यामुळे? तुम्ही वाचता, तुम्ही सांगा." मास्टरमोशाय शेजारच्या गल्लीत राहतात. त्यांनी आयुष्यभर शाळेत रसायनशास्त्र शिकवलं, त्यामुळे प्रश्न वरवरचा नव्हता. समोर हुगळीला भरती लागली होती. मातकट पाणी पायऱ्या चढत होतं आणि मागून चक्ररेलची गाडी खडखडत गेली. मी म्हटलं, "मास्टरमोशाय, उत्तर एका वाक्याचं आहे, पण ते वाक्य पटायला समुद्राचा सगळा जमाखर्च बघावा लागेल." तो जमाखर्च इथे मांडतो आहे.

बागबाजारला राहणाऱ्या मराठी माणसाची ओळख इथे एका खंदकाने होते. 1742 मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्यांच्या धास्तीने कलकत्त्याभोवती 'मराठा डिच' खणायला घेतली, ती इथूनच. मराठे कलकत्त्यावर आलेच नाहीत, खंदक अर्धवट राहिला, पुढे बुजवला गेला. आज मराठा डिच लेन या गल्लीच्या नावात तो उरला आहे. पण आजचा विषय पाण्याचा आहे, आणि त्यासाठी घाटावर बसणं सगळ्यात सोयीचं, कारण समुद्राच्या खात्यातली जमेची बाजू इथे डोळ्यांसमोरून वाहत जाते.

आमच्या घरात नळाला येणारं पाणी हुगळीचंच. पालता इथे शुद्ध होऊन येतं. महिनाभर एकाच किटलीत ते उकळलं की तळाशी पांढरट थर धरतो. त्यात मुख्यतः कॅल्शियम असतं, थोडं मॅग्नेशियम. हिमालयातला चुनखडक आणि इतर खडक पावसाच्या पाण्यात विरघळून आलेले असतात. नखाने थर खरवडला की बोटावर पीठ येतं, ते मूळचं हिमालयाचं. जगातल्या सगळ्या नद्या असं काही ना काही समुद्रात रोज ओतत असतात. मग समुद्र दिवसेंदिवस अधिक क्षारमय का होत नाही?

1899 मध्ये डब्लिनच्या जॉन जोली यांनी हाच हिशेब उलटा करून समुद्राचं वय काढायचा प्रयत्न केला. समुद्रातलं एकूण सोडियम, भागिले नद्या दर वर्षी आणतात ते सोडियम. उत्तर आलं सुमारे 8 ते 9 कोटी वर्षं. पृथ्वीचं वय आता आपण 450 कोटी वर्षांच्या पुढे मोजतो, म्हणजे उत्तर साफ चुकलं. चूक गणितात नव्हती. जोलींनी जमा धरली आणि खर्च धरलाच नाही. समुद्रात आलेलं बाहेरही जातं: मिठाचे थर बनतात, शंखशिंपल्यांत कॅल्शियम अडकतं, चिखलात बरंच काही पुरलं जातं. मात्र मॅग्नेशियमचा खर्च कुठे पडतो हे विसाव्या शतकाचा बराच काळ नीट सापडत नव्हतं. आजच्या समुद्रात जेवढं मॅग्नेशियम आहे, तेवढं नद्या साधारण सव्वा कोटी वर्षांत आणून टाकतात. भूशास्त्राच्या मापाने हा काळ फार थोडा, म्हणजे तेवढंच कुठेतरी संपतही असलं पाहिजे.

उत्तर फेब्रुवारी 1977 मध्ये मिळालं. 'अल्विन' ही छोटी पाणबुडी गालापागोस बेटांजवळच्या भेगेवर सुमारे 2500 मीटर खोल उतरली. तिथे तळातून कोमट पाणी झुळझुळत वर येत होतं आणि त्याभोवती शिंपले, खेकडे, लांबलचक नळीकृमी अशी वस्ती होती. पाण्याचे नमुने जहाजावर आणून उघडले तेव्हा सडक्या अंड्यांचा वास सुटला. तो हायड्रोजन सल्फाइड. एमआयटीचे जॉन एडमंड यांनी त्या पाण्याचं पृथक्करण केलं. पाणी जितकं गरम, तितकं त्यात मॅग्नेशियम कमी. तीच रेघ पुढे ओढत नेली तर सुमारे 350 अंशांना मॅग्नेशियम शून्यावर येत होतं. दोन वर्षांनी, 1979 मध्ये, मेक्सिकोच्या पश्चिमेला पूर्व प्रशांत रांगेवर तेवढ्याच तापमानाचं पाणी ओकणारी काळी धुराडी प्रत्यक्ष सापडली, आणि कागदावरची रेघ समुद्रात खरी ठरली. मला विज्ञानाच्या इतिहासातले फार थोडे प्रसंग इतके देखणे वाटतात.

घडतं ते असं. समुद्रतळावर सुमारे 65,000 किलोमीटर लांबीची पर्वतरांग पृथ्वीला वेढून आहे. तिच्या माथ्यावर जमीन फाटते आणि खालून बेसॉल्ट वर येतो. भेगांमधून समुद्राचं थंड पाणी आत मुरतं, तापलेल्या खडकाशी भिडतं. वरच्या दाबामुळे ते 350 अंशांवरही उकळत नाही. खडक त्यातलं मॅग्नेशियम शोषून घेतो आणि त्या घडामोडीत पाणी आम्लधर्मी होतं. एक किलो समुद्रपाण्यात जवळपास 1.3 ग्रॅम मॅग्नेशियम असतं, ते जवळजवळ सगळं खडकात राहतं. सल्फेटही वाटेत साका होऊन बसतं. बदल्यात पाणी कॅल्शियम, लोह, मँगनीज, तांबं, जस्त, लिथियम, सिलिका घेऊन वर उसळतं. बाहेर दोन अंशांचं पाणी भेटलं की धातूंचे सल्फाइड कण झटक्यात तयार होतात. दिसायला तो काळा धूर, प्रत्यक्षात धातूची भुकटी. ती साचत साचत धुराडं उंच होतं.

कोकणातल्या वाचकाला यासाठी पॅसिफिकला जायची गरज नाही. उन्हवरे, तुरळ अशा गरम पाण्याच्या झऱ्यांत क्लोराइड आणि कॅल्शियम भरपूर आणि मॅग्नेशियम नावापुरतं आढळतं. समुद्राचं पाणी आणि दख्खनचा बेसॉल्ट यांची खोलवर गाठ पडली असावी, असा त्याचा एक अर्थ शास्त्रज्ञांनी लावला आहे. तुरळच्या कुंडात पाय सोडून बसणारा माणूस त्याच देवघेवीच्या एका धाकट्या भावंडाजवळ बसलेला असतो.

इथे एक सावधगिरी हवी. काळ्या धुराड्यांतून जाणारं पाणी इतकंही नाही की नद्यांचं सगळं मॅग्नेशियम ते एकटं संपवेल. रांगेपासून दूर, लाखो वर्षं जुन्या तळातून हळूहळू झिरपणारं कोमट पाणी, चिकणमाती, डोलोमाइट यांचाही वाटा आहे, आणि कोणाचा किती यावर वाद चालू आहे. सगळ्या धुराड्यांची रचनाही एकसारखी नाही. अटलांटिकमध्ये 2000 साली सापडलेल्या 'लॉस्ट सिटी'त पाणी आम्लधर्मी नसून चक्क अल्कधर्मी आहे, आणि धुराडी पांढऱ्या कार्बोनेटची, 60 मीटरपर्यंत उंच. पण मूळ गोष्ट वादातीत आहे: समुद्राचं पाणी म्हणजे नद्यांनी भरलेली आणि खालच्या विस्तवाने सतत बदललेली चीज आहे.

लाखो वर्षांच्या मापाने पाहिलं तर याचे परिणाम थक्क करणारे आहेत. डायनोसॉरांच्या शेवटच्या युगात समुद्रतळ वेगाने पसरत होता, असं बहुतेक अभ्यासक मानतात. धुराडी जास्त, म्हणून समुद्रातलं मॅग्नेशियम कमी आणि कॅल्शियम जास्त. आज मॅग्नेशियमचे अणू कॅल्शियमच्या पाचपट आहेत. तेव्हा ते जवळपास बरोबरीला होते. अशा पाण्यात कॅल्साइटची कवचं सहज बनतात, आणि त्याच काळात युरोपातले खडूचे कडे साचले. आजच्या पाण्यात पोवळी ॲरगोनाइटची बनतात. कोणत्या जिवाने कसलं घर बांधायचं, हे काही अंशी खालच्या भेगा ठरवत आल्या आहेत.

आता आमच्या गंगेचा वाटा. स्ट्रॉन्शियम नावाच्या मूलद्रव्याच्या दोन भावांचं, म्हणजे समस्थानिकांचं, प्रमाण, 87 भागिले 86, हे पाण्याच्या गोत्राची खूण असते. रुबिडियम असलेले जुने खडक जितके म्हातारे, तितका 87 जास्त. धुराड्यांच्या पाण्यात हे प्रमाण 0.703 च्या आसपास, कारण बेसॉल्ट पृथ्वीच्या पोटातून ताजा आलेला. गंगेत ते 0.72 च्या वर, कारण हिमालयात अतिप्राचीन खडक झिजताहेत. समुद्र या दोघांच्या मध्ये कुठेतरी, आज 0.7092 वर. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत एस. कृष्णस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गंगा-ब्रह्मपुत्रेच्या पाण्यावर हे काम 1990 च्या दशकात नेटाने केलं. गेल्या सुमारे 4 कोटी वर्षांत समुद्रातलं हे प्रमाण चढत गेलं आहे, 0.7077 च्या आसपासून आजच्या आकड्यापर्यंत. हिमालय उचलला गेला आणि त्याची झीज समुद्राच्या अंगी लागली, हे त्याचं मोठं कारण मानतात. किती मोठं, यावर मतभेद आहेत. पण घाटाच्या शेवटच्या पायरीवर ओंजळभर पाणी घेतलं की एका बाजूला हिमालय आणि दुसऱ्या बाजूला समुद्रतळाची भट्टी अशी ही ओढाताण हातात येते. मास्टरमोशाय हे ऐकून बराच वेळ पाण्याकडे बघत राहिले होते.

धुराड्यांचं दुसरं दान म्हणजे लोह. वरच्या समुद्रात लोहाची इतकी टंचाई असते की अनेक ठिकाणी त्यामुळेच सूक्ष्म वनस्पतींची वाढ खुंटते. पूर्वी समज असा होता की धुराड्यातलं लोह गंजून तिथल्या तिथे बसतं. बरंचसं बसतंच, आणि बसताना समुद्रातलं फॉस्फरस, आर्सेनिक, व्हॅनेडियमही अंगाला चिकटवून खाली नेतं. पण 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'जिओट्रेसेस' मोहिमेच्या मोजमापांत दक्षिण पॅसिफिकमध्ये धुराड्यांचं विरघळलेलं लोह 4000 किलोमीटरहून लांब गेलेलं दिसलं. हा माग लावायला मदत होते ती हीलियम-3 या वायूची. तो पृथ्वीच्या पोटातून येतो, कोणाशी संयोग पावत नाही, म्हणून पाणी कुठून आलं ते खात्रीने सांगतो. हिंदी महासागरात मध्य हिंदी रांगेच्या आजूबाजूलाही लोह आणि मँगनीजची अशी लांबवर पसरलेली पातळी मोजली गेली आहे.

हिंदी महासागराच्या या रांगांशी कलकत्त्याचं जुनं नातं आहे. अरबी समुद्रातली कार्ल्सबर्ग रांग 1928 ते 1930 च्या डॅनिश 'डाना' मोहिमेत समोर आली आणि मोहिमेला पैसा देणाऱ्या कार्ल्सबर्ग प्रतिष्ठानचं नाव तिला मिळालं. तिची पुढची पाहणी 1933-34 च्या जॉन मरे मोहिमेने केली. त्या मोहिमेचे प्रमुख सीमूर स्यूएल हे त्याआधी कलकत्त्याच्या भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे संचालक होते. नंतरची सूत्रं गोव्याकडे गेली. दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था 1 जानेवारी 1966 ला सुरू झाली, आणि वास्कोला आज राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आहे. मध्य हिंदी रांगेवर जपान्यांना 2000 साली 'कैरेई' हे धुराड्यांचं क्षेत्र सापडलं आणि 2001 मध्ये अमेरिकी जहाजाला दुसरं. त्या दुसऱ्याला जॉन एडमंड यांचं नाव दिलं गेलं. ते त्याच वर्षी वारले होते. डिसेंबर 2024 मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी स्वयंचलित यानातून दक्षिण हिंदी महासागरात सुमारे 4500 मीटर खोलीवरच्या धुराड्याचं छायाचित्र पहिल्यांदा मिळवलं. वास्को आणि चेन्नईच्या संस्थांचं ते एकत्र काम.

आता भूकंप. भूकंप समुद्रात स्वतःचं काही ओतत नाही. तो नळ उघडतो किंवा बंद करतो, आणि साठलेलं ढवळतो. जून 1999 मध्ये अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यापलीकडे हुआन दे फुका रांगेवर भूकंपांची मालिका झाली. त्यानंतर तिथल्या धुराड्यांचं तापमान वाढलं आणि पाण्यात कार्बन डायऑक्साइड, हीलियम, हायड्रोजन एकदम चढले. खडकाला नवी भेग गेली की आतला वायू मोकळा होतो. आपल्या बाजूचं उदाहरण कार्ल्सबर्ग रांगेचं. जुलै 2003 मध्ये तिथे उष्ण, कणांनी भरलेल्या पाण्याचा सुमारे 70 किलोमीटर लांब लोट तरंगताना सापडला. रोजच्या धुराड्यांचा लोट इतका मोठा नसतो. तळ फाटून खालून लाव्हा घुसला असावा, हा शास्त्रज्ञांचा निष्कर्ष. वर्षानुवर्षांचं काम समुद्रतळ कधी कधी थोड्या दिवसांत उरकतो.

मकरानचं उदाहरण मुंबईकराला अधिक जवळचं. 28 नोव्हेंबर 1945 च्या पहाटे बलुचिस्तानच्या किनाऱ्यालगत मोठा भूकंप झाला. त्याची त्सुनामी मुंबईपर्यंत आली आणि तिथेही माणसं दगावली. त्या भूकंपाने समुद्रतळातही काही केलं, हे कळायला सहा दशकांहून अधिक काळ लागला. जर्मन शास्त्रज्ञांनी त्या भागातल्या तळाचा चिखल नळीत भरून वर आणला आणि त्यातल्या पाण्याचं सल्फेट थराथराने मोजलं. खालून मिथेन वर येतो तेव्हा जीवाणू सल्फेट वापरून त्याचा फडशा पाडतात. सल्फेट किती खोलवर संपतं आणि त्याच्या आलेखाला कुठे बाक पडतो, यावरून मिथेन कधी वाढला ते काढता येतं. हिशेब 1945 च्या आसपास येऊन थांबला. भूकंपाने गॅसच्या वाटा मोकळ्या केल्या आणि त्या दशकानुदशकं गळत राहिल्या. हा शोध 2013 मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात बलुचिस्तानच्या भूकंपानंतर ग्वादरजवळ समुद्रातून चिखलाचं एक बेट वर आलं. त्यातून निघणारा वायू काडी लावल्यावर पेटत होता. लाटांनी ते बेट तीनेक वर्षांत धुऊन नेलं.

11 मार्च 2011 च्या जपानच्या भूकंपानंतर खोल पाण्यात गढूळपणा आणि मिथेन वाढलेला मोजला गेला. घसरलेल्या चिखलाबरोबर दहा लाख टनांहून जास्त सेंद्रिय कार्बन खोल चरात जाऊन बसल्याचा अंदाज आहे. बंगालच्या उपसागरासाठी ही गोष्ट विशेष महत्त्वाची, कारण गंगा-ब्रह्मपुत्रा वर्षाला सुमारे 100 कोटी टन गाळ आणतात आणि त्यापासून सुमारे 3000 किलोमीटर लांबीचा पंखा तळावर पसरला आहे. बागबाजारसमोरून जाणारा गाळ हा त्यातलाच एक कण. शेजारीच अंदमान-सुमात्राचा भूकंपपट्टा आहे, जिथे 26 डिसेंबर 2004 चा 9.1 तीव्रतेचा भूकंप झाला.

त्याच पट्ट्यात भारताचा एकमेव जागता ज्वालामुखी, बॅरन बेट. श्री विजयपुरम, म्हणजे जुन्या पोर्ट ब्लेअरपासून, सुमारे 140 किलोमीटर. कलकत्त्याच्या भूशास्त्रीय सर्वेक्षण संस्थेच्या एफ. आर. मॅलेट यांनी 1885 मध्ये त्यावर सविस्तर ग्रंथ लिहिला. दीड शतकाहून जास्त झोपून तो 1991 मध्ये जागा झाला. 23 जानेवारी 2017 ला गोव्याच्या समुद्रविज्ञान संस्थेचं 'सिंधु संकल्प' जहाज जवळच तळाचे नमुने गोळा करत असताना त्याने अचानक राख उडवायला सुरुवात केली. पथकाचे प्रमुख अभय मुधोळकर होते. दिवसा फक्त राखेचे ढग दिसत, पाच-दहा मिनिटांच्या खेपांनी. सूर्य बुडाल्यावर लाल लाव्ह्याची कारंजी दिसू लागली. तिथल्या नमुन्यांत कोळशासारखे काळे तुकडे मिळाले.

असा उद्रेक पाण्याचं रसायन किती बदलू शकतो? जागेपुरतं, प्रचंड. 2011 मध्ये कॅनरी बेटांतल्या एल हिएरोजवळ पाण्याखाली उद्रेक झाला तेव्हा तिथल्या पाण्याचा सामू जवळपास 2.8 अंकांनी घसरला, प्राणवायू संपला, मासे मरून तरंगले. सामूचा एक अंक म्हणजे दहापट आम्ल, हे लक्षात घेतलं तर 2.8 म्हणजे सहाशेपट. पण काही महिन्यांत पाणी सावरलं. 2018 मध्ये हवाईच्या किलाउएआचा लाव्हा समुद्रात कोसळला आणि भोवती सूक्ष्म वनस्पतींचा हिरवा बहर आला. लाव्ह्यात नायट्रेट नसतंच. तापलेलं खोल पाणी वर उसळताना तिथलं नायट्रेट घेऊन आलं, म्हणून बहर. परिणाम ओळखणं सोपं असतं, पण त्याचं कारण असं तपासूनच पकडावं लागतं.

मग मास्टरमोशायांच्या प्रश्नाचं उत्तर. समुद्र आज आंबट होतोय तो आपल्या धुरामुळे. जमिनीवरचे आणि समुद्रातले सगळे ज्वालामुखी मिळून वर्षाला अर्धा अब्ज टनांच्या आतच कार्बन डायऑक्साइड सोडतात. माणूस 35 अब्ज टनांहून जास्त. त्यातला साधारण चौथा हिस्सा समुद्र पितो. औद्योगिक काळापासून वरच्या पाण्याचा सामू 8.2 वरून 8.1 वर आला आहे, म्हणजे आम्लता सुमारे 30 टक्क्यांनी वाढली. ही वाढ वरून खाली जाते आहे, तळातून वर येत नाही. समुद्र तापतो आहे त्याचंही तसंच: तळातून येणारी उष्णता चौरस मीटरला सरासरी 0.1 वॉट, आणि हरितगृह वायूंमुळे पृथ्वीवर साठणारी साधारण 1 वॉट. धुराडी आणि भूकंप यांचं राज्य लाखो वर्षांचं आहे. त्या मुदतीत ते समुद्र घडवतात. एका माणसाच्या आयुष्यात जे बदललं, ते आपलं आहे. ज्वालामुखींवर बोट दाखवून स्वतःची सुटका करून घेणारे जे बोलतात, ते आकड्यांशी खोटं बोलतात.

एक गोष्ट मात्र याच्या उलट दिशेने जाणारी आहे, आणि तिची मला काळजी वाटते. आता आपण तळालाच हात घालू लागलो आहोत. धुराड्यांभोवती साचलेल्या तांबं-जस्ताच्या सल्फाइडसाठी भारताने 26 सप्टेंबर 2016 ला आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाशी 15 वर्षांचा शोधकरार केला, मध्य आणि नैर्ऋत्य हिंदी रांगेवर 10,000 चौरस किलोमीटरसाठी. 2025 मध्ये कार्ल्सबर्ग रांगेसाठी तसाच दुसरा झाला. शोधाला माझा विरोध नाही. तिथली मोजमापं अशा मोहिमांमुळेच होतात. पण खणण्याआधी त्या पाण्याचं लोह, मँगनीज, सल्फाइड, सामू यांची वर्षानुवर्षांची नोंद उघड झाली पाहिजे. नाही तर ढवळलेला चिखल भूकंपाचा की यंत्राचा, हे उद्या कोणालाच सांगता येणार नाही. कैरेईच्या धुराड्यांवर एक गोगलगाय राहते. तिच्या पायावर लोह-सल्फाइडचे खवले असतात. धुराड्याच्या पाण्यातून लोह घेऊन अंगावर चिलखत घडवणारा असा दुसरा प्राणी ठाऊक नाही. जुलै 2019 मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने तिला संकटग्रस्तांच्या लाल यादीत घातलं. कारण म्हणून नोंद आहे, खोल समुद्रातल्या खाणकामाचा धोका. भारताचा पहिला करार 2031 मध्ये संपतो.